मागच्या खोलीतलं थेट प्रक्षेपण

माणसानं आगीवर ताबा मिळवला, मग वाफेवर, मग विजेवर. काळ तेवढा हाती लागायचा राहिला होता. तो अखेर जिन्याखालच्या कपाटात, जुन्या चपला आणि रंगाचे वाळलेले डबे यांच्या मधोमध, साबणाच्या वडीएवढ्या एका काळ्या पेटीत पकडला गेला, असं टॉवरचं प्रामाणिक मत होतं. काळावरचा हा विजय एका दुपारी मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्यानं बातम्या लावल्यामुळे बंद पडला.

टॉवर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्यानं गच्चीवर अँटेना उभारली, ती चारी बाजूंनी तारा ताणून बांधली आणि पुढे कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला मान वर करायला लावली. तेव्हापासून गल्ली त्याला टॉवर म्हणायला लागली. त्याला तो बहुमान वाटायचा. तो विमा कंपनीत कामाला होता. लोकांचे दावे का नामंजूर करावेत याची कारणं शोधणं हे त्याचं काम, आणि कामात तो हुशार होता. घरी आला की मात्र तो दुसरा माणूस व्हायचा. कपाटाचं दार उघडून पेटीवरच्या हिरव्या दिव्यांकडे तो असा बघत राहायचा, की बायकोनं एकदा विचारलंच, “तिला जेवायला वाढू का?”

पेटीचं काम साधं होतं. अँटेनाची वायर गच्चीवरून खाली तिच्यात यायची आणि पेटी घरातल्या राउटरला जोडलेली. त्यामुळे टीव्हीच्या मागे वायर खुपसायची भानगड नाही. दिवाणखान्यातला टीव्ही, स्वयंपाकघरातला टॅबलेट, खिशातला मोबाइल, जो मागेल त्याला पेटी वाय-फायवरून चॅनल पुरवणार. शेजारी एक छोटा कॉम्प्युटर घूं घूं करत बसलेला. सांगितलेले कार्यक्रम ठरल्या वेळी डिस्कवर साठवायचे, एवढंच त्याचं काम. पेटीत दोन ट्यूनर होते. एक ट्यूनर म्हणजे एका वेळी एक चॅनल. तिसऱ्या कुणी तोंड उघडलं की पडद्यावर पाटी यायची: ट्यूनर उपलब्ध नाही.

चार ट्यूनरची पेटीही दुकानात होती. “चारची घ्या,” बायको म्हणाली होती.

“दोन माणसांना चार ट्यूनर? आपण काय टीव्ही स्टेशन काढतोय?” टॉवर दुकानदाराकडे बघून हसला होता. “आपल्या घराला दोन पुरून उरतील!”

घरात माणसं तीन होती. मोजताना एक सुटलं. पण नवऱ्यानं दुकानदारासमोर काढलेलं वाक्य मागे घेता येत नाही. चारची पेटी आणायची म्हणजे बायकोचं बरोबर होतं हे कबूल करायचं, आणि त्यापेक्षा माणूस काहीही करायला तयार होतो. टॉवरनं काय केलं, ते आता येईलच.

मोजताना सुटलेलं माणूस म्हणजे अप्पा, टॉवरचे वडील. वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक. जन्मभर दुकानादुकानांतले तराजू तपासले, आणि एकही तराजू त्यांना पसंत पडला नाही. घरीही तीच शिस्त. मुलगा वर्गात पहिला आला तर “उरलेले आठ मार्क कुठे गेले?” लग्नाच्या दिवशी सूट घालून समोर उभा राहिला तर “डावा खांदा उतरलाय.” शाबासकी हा शब्द त्यांना ठाऊक नसावा, किंवा असला तरी त्यांनी तो सरकारी माल समजून जपून ठेवला असावा. टॉवरच्या केसांत पांढरं डोकावायला लागलं तरी तो त्या एका शब्दासाठी आत कुठेतरी हात पसरून उभाच होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला न सांगताच कळलं होतं, आणि ती त्याचा उपयोग करायची.

कंबरेचं हाड मोडल्यापासून अप्पा मागच्या खोलीत पलंगावर होते. समोर टीव्ही, उशाशी फोन, हाताशी घंटी. जागे असले की बातम्या, बातम्यांचा कंटाळा आला की फुटबॉल, फुटबॉलचा कंटाळा आला की वकिलांची मालिका. झोपले की जे लागलं असेल ते तसंच चालू राहायचं. म्हणजे एक ट्यूनर अप्पांच्या उशाखाली कायमचा. उरलेल्या एकावर टॉवरचे सामने आणि बायकोची गाण्याची स्पर्धा यांची मारामारी. आणि पेटीचा कायदा असा, की जो थेट बघतोय त्याला हात लावायचा नाही. रेकॉर्डिंगचा जीव गेला तरी चालेल.

उपांत्य सामन्याच्या दुपारी तो जीव गेलाच. टॉवर ऑफिसातून धावत आला तर सामन्याच्या जागी एक लाल फुली. एका ट्यूनरवर गाणं, दुसऱ्यावर अप्पांच्या बातम्या. आणि अप्पा आडवे, तोंड उघडं, घोरणं सुरू.

अप्पा उठेपर्यंत तो थांबला. “अप्पा, झोपताना टीव्ही बंद करत जा ना.”

“का?”

“ट्यूनर अडकून पडतो.”

“किती आहेत?”

“दोन.”

“माणसं किती?”

टॉवर रिमोट उचलून पुसायला लागला.

“मी मेलो की दोन्ही तुझेच आहेत,” अप्पा म्हणाले. “जरा थांब.”

थांबणं टॉवरच्या स्वभावात असतं तर त्यानं रेकॉर्डिंगची यंत्रणा बसवलीच नसती.

कल्पना त्याला कपाटासमोर उकिडवा बसलेला असताना सुचली. डिस्कवर मागच्या वर्षीचं सगळं पडून होतं. सामने होते, मालिका होती, इतकंच काय, रोजच्या बातम्याही होत्या, कारण ‘कधी काय लागेल सांगता येत नाही’ हे त्याचं ब्रीद. हेच कार्यक्रम घड्याळाप्रमाणे एकामागून एक लावून त्यांचं एक खोटं चॅनल करता येत होतं. अप्पा रिमोटवरची तीनच बटणं दाबत. तिन्ही बटणांमागे त्यानं मागचं वर्ष नेऊन बांधलं. अप्पांना वाटणार चालू आहे, आणि ट्यूनर मोकळा.

“अहो, पाप लागेल,” बायको म्हणाली.

“तुझ्या गाण्याच्या स्पर्धेची आता एकही फेरी चुकणार नाही.”

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. “तारीख दिसते की हो कोपऱ्यात.”

पाप तिथे संपलं आणि नियोजन सुरू झालं. टीव्हीच्या कोपऱ्यावर काळी चिकटपट्टी लागली. पडदा तेवढ्या जागी खराब झालाय, पार्ट मिळत नाही, असं अप्पांना सांगितलं. भिंतीवरचं कॅलेंडर पाल मारताना फाटलं. पेपरवाला गाव सोडून गेला. आणि खिडकीला जाड पडदा लागला, कारण उन्हानं अप्पांचे डोळे दुखायचे. अप्पांना ते ठाऊक नव्हतं, पण टॉवरनं त्यांना समजावून सांगितलं.

अडचण एकच होती. बाहेर उन्हाळा होता आणि डिस्कवर पावसाळा. दुसऱ्याच दिवशी बातम्यांत पूर आला. अप्पांनी घंटी वाजवली.

“सूनबाई, नदीला पाणी चढलंय म्हणे.”

“हो ना अप्पा! काय तो पाऊस!” ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन छत्री बादलीत बुचकळून आणली, ठिबकती अप्पांच्या दारामागे उभी केली.

“भिजलीस का गं?”

“थोडीशी.”

“मग स्वेटर घाल. आणि तो पंखा बंद कर, गारठा आहे.”

रोजचंच झालं मग. अप्पांच्या खोलीत जायचं तर स्वेटर चढवायचा, ओली छत्री घ्यायची, शिंकायचं. टॉवर संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायचा तेव्हा त्यालाही कानटोपी. अंगाचं पाणी पाणी व्हायचं. अप्पा त्याच्याकडे निरखून बघायचे. “ताप आहे का तुला? घाम किती येतोय. आणखी एक पांघरूण घे.” तो घ्यायचा.

मात्र एक गोष्ट अशी घडली, की टॉवर त्या पांघरुणाखालीही तरंगत होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अप्पा टीव्हीकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “चित्र स्वच्छ येतं आता. अडकत नाही. काम चांगलं केलंस.”

टॉवरला वाटलं आपल्याला भास झाला. “काय म्हणालात?”

“काम. चांगलं. केलंस.”

तो स्वयंपाकघरात आला तेव्हा डोळे भरले होते. बायको म्हणाली, “अहो, कानटोपी काढा आता, उष्माघात होईल.” त्यानं ती तशीच ठेवली. जन्मात एकदा मिळालेली शाबासकी, आणि ती नेमकी चोरीच्या मालावर मिळालेली. त्या दिवसापासून सामने मागे पडले. आता एकच धास्ती उरली. अप्पांना कळता कामा नये, कारण कळलं की ते शब्द परत जाणार.

तो जास्तच वेळ त्यांच्याजवळ बसू लागला. सामना लागला की अप्पा म्हणायचे, “बघ, हा आता डावीकडून येईल आणि गोलकीपरच्या डोक्यावरून मारेल.” खेळाडू डावीकडून यायचा आणि गोलकीपरच्या डोक्यावरून मारायचा.

“अप्पांना खेळ काय कळतो गं!” टॉवर बायकोला सांगायचा. “इतकी वर्षं आपल्याला पत्ताच नव्हता.”

बायकोनं एकदा त्याच्याकडे नीट बघितलं. काहीतरी म्हणणार होती, पण स्पर्धा लागली.

त्याच सुमारास बँडमास्तर गेले. अप्पांचे शाळेपासूनचे मित्र. निवृत्तीनंतर पोराटोरांचा बँड काढला होता, रुंद छाती, दणदणीत आवाज आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी “काय समजलास?” टॉवर अंत्ययात्रेला जाऊन आला. अप्पांना सांगितलं, बाजारात गेलो होतो. बायको म्हणाली, “मित्र गेला हे तरी सांगा त्यांना.” टॉवर म्हणाला, “हळवे आहेत. शिवाय आज गेले म्हणावं, तर त्यांच्या हिशेबात आज म्हणजे कधी?” प्रश्न बिनतोड होता. बँडमास्तर मागच्या खोलीपुरते जिवंत राहिले.

अंतिम सामन्याच्या दुपारी टॉवरची बहीण आली; धाकटी असली तरी घरात सगळे तिला ताईच म्हणायचे. ती आल्याआल्या वडिलांना भेटायला निघाली, तेव्हा टॉवरनं तिच्या हातात स्वेटर ठेवला.

“हे काय दादा? बाहेर अंडं तव्याशिवाय शिजेल इतकं ऊन आहे.”

मग सांगावंच लागलं. टॉवर मान खाली घालून बोलला, आणि संपल्यावर थोबाडीत बसेल अशा बेतानं जरा मागे सरकला.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. दाराच्या फटीतून पलंगाकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “दादा, हे माझ्या सासूबाईंसाठी जमेल का रे?”

“ताई!”

“ताई काय! दिवसभर रिमोट सोडत नाहीत. त्यांना तर पाच वर्षांपूर्वीचं लाव, फरक पडायचा नाही. तेव्हा निदान मला बरं म्हणायच्या.”

सामना सुरू झाला. तिघं दिवाणखान्यात बसली. एका ट्यूनरवर अंतिम सामना, दुसऱ्यावर गाण्याची अंतिम फेरी रेकॉर्ड होत होती. पेटी तृप्त होती, कॉम्प्युटर तृप्त होता. एवढ्यात घंटी वाजली.

बायको स्वेटर चढवत गेली आणि पांढरीफटक पडून आली.

“अहो, घात झाला. बँडमास्तर दिसले त्यांना.”

“कुठे?”

“टीव्हीवर! मागच्या वर्षी सत्कार नव्हता का झाला? तुम्ही लावलेल्या बातम्यांत आला. अप्पा म्हणतात, आत्ताच्या आत्ता फोन लाव, अभिनंदन करायचंय.”

“लागत नाही म्हणून सांग.”

“सांगितलं. म्हणाले, मग त्याच्या घरी माणूस पाठव.”

ताई शेंगा सोलल्यासारखी सहज म्हणाली, “दादा, तू शाळेत सगळ्या मास्तरांचे आवाज काढायचास.”

माणूस पायरी पायरीनं खाली उतरतो हे खरं, पण काही पायऱ्या घरची माणसं हात धरून उतरवतात.

टॉवर कपाटात शिरला आणि दार आतून ओढून घेतलं. चपला, डबे, घूं घूं, हिरवे दिवे. अप्पांचा वाचायचा चष्मा सापडत नव्हता, त्यामुळे नंबर सूनबाईंनीच लावला. तो नवऱ्याच्या मोबाइलचा होता. कपाटाची आणि मागच्या खोलीची भिंत एकच. अप्पांचा आवाज त्याला दोनदा ऐकू आला, एकदा कानात आणि एकदा पाठीत.

“कोण, बँडमास्तर का?”

“अरे मीच! दुसरं कोण! काय समजलास?” टॉवर छाती फुगवून गरजला.

“आवाज बसलाय तुझा.”

“सर्दी रे. ही पावसाची हवा. काय समजलास?”

“पावसाची. हं.” अप्पा म्हणाले. “आत्ताच बघितलं तुला. सत्काराची ढाल तिरकी धरली होतीस.”

“फोटोवाल्यानं सांगितली तशी धरली.”

“बरं. पण मी फोन केला तो त्यासाठी नाही. तुझी माफी मागायची होती.”

“माफी? कसली माफी? काय समजलास?”

“तुझ्या अंत्ययात्रेला मला येता आलं नाही.”

दिवाणखान्यातून आरडाओरडा ऐकू आला. गोल झाला होता. कुणी केला हे कपाटात कळायला मार्ग नव्हता.

“तुझ्या सुनेनं त्याच दिवशी कळवलं होतं,” अप्पा संथपणे सांगत होते. “याच फोनवर. रडत होती बिचारी. म्हणाली, तुमच्याकडून मुलगा येऊन गेला. मुलगा घरी आला तो टोमॅटो घेऊन. म्हणाला, बाजारात गेलो होतो, जरा मऊच निघाले. मी कुशीवर वळलो, भिंतीकडे. तो टीव्हीचा आवाज वाढवून गेला. म्हातारा झोपलाय वाटलं असेल.”

“अप्पा...” टॉवरचा स्वतःचाच आवाज निघाला.

“अप्पा काय म्हणतोस मला? वयानं तू मोठा.”

“अप्पा, मी...”

“बँडमास्तर,” अप्पा म्हणाले, आणि आवाजात तराजू हातात घेतल्याची धार आली. “नीट बोल. शेवटी ते लावत जा तुझं.”

टॉवरनं भिंतीला डोकं टेकलं. “काय... समजलास.”

“हं. आता वाटलास.”

मग टॉवरनं जे विचारलं ते त्याला स्वतःलाही नंतर पटलं नाही. पण जो विचारायला तो थांबला होता तोच हा प्रश्न होता, आणि कपाटात अंधार होता, आणि तो मेलेला माणूस होता.

“तुझा मुलगा,” तो बँडमास्तरच्या आवाजात म्हणाला. “तू मध्ये म्हणाला होतास ना, पोरानं काम चांगलं केलं म्हणून. ते... मनापासून होतं का? काय समजलास?”

“मनापासून कसं असेल?” अप्पा म्हणाले. “पहिल्याच दिवशी कळलं. अरे, मी पडल्यापासून दुसरं करतो काय? यांनी लावलेलं सगळं मी मागच्या वर्षी बघितलेलं आहे. मी बघत होतो तेव्हाच तर याचं यंत्र ते साठवत होतं. तेवढंही डोक्यात आलं नाही त्याच्या. मी चांगलं म्हणालो, कारण मला बघायचं होतं, एवढ्याशा शब्दासाठी हा किती पांघरुणं घेतो. चार घेतली.”

टॉवर रंगाच्या डब्यावर बसला.

“म्हातारा आहे, करमणूक लागते,” अप्पा म्हणाले. “स्वेटर घालून सून शिंकते ते टीव्हीपेक्षा बरं असतं.”

“मग इतके दिवस... बोलला का नाहीस?”

“कशाला बोलू? माणसं तीन, ट्यूनर दोन. मोजणी माझ्यापेक्षा कुणाला जास्त येते? कुणीतरी बाहेर राहणारच होतं.” पलंग करकरला. अप्पा कूस बदलत असावेत. “आणि खरं सांगू का, माझाही थोडा स्वार्थ होता. मागच्या वर्षी त्या कंबरेच्या गोळ्या चालू होत्या. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटाला माझा डोळा लागायचा. त्या वकिलांच्या मालिकेत बाईला विष कुणी घातलं, ते कळलंच नाही मला. म्हटलं, चला, पुन्हा लावतोय तर या खेपेला कळेल. तर कसलं काय! ती मोलकरीण पिंजऱ्यात उभी राहते, तोंड उघडते, आणि ठप्प. पुढचं बातमीपत्र सुरू. तो फायनलचा सामनाही तसाच, शिट्टीच नाही. कार्यक्रम लांबतात रे, आणि याचं यंत्र घड्याळ बघून उठतं.”

“हं,” टॉवर म्हणाला. हा आवाज कुणाचा होता ते सांगणं कठीण.

“तर तुझी आणि त्याची गाठ पडली,” अप्पा म्हणाले, “तर माझा एवढा निरोप दे. पुढच्या वेळी रेकॉर्ड लावताना शेवटी पाच मिनिटं जास्त घेत जा म्हणावं.”